वयनीच्या काळ्या टिकल्या

हातमोजा घालूनही वयनीला चिमटीतली भुकटी पुरेशी बारीक झाली की नाही ते कळायचं. कणकवलीच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रकल्पात ती माझी जोडीदार होती. लग्नानंतर शिकायला परत आलेली, म्हणून सगळ्यांचीच वयनी. मी तासभर खलून तिच्यापुढे धरलं की म्हणायची, "मसाल्याचा असा वाटप केलंस तर सासू घराभायर काढीत." सगळे हसत. मीही हसायचे आणि मनातल्या मनात तिचा राग करायचे.

आम्ही तांबं असलेल्या एका मिश्र ऑक्साइडच्या काळ्या टिकल्या भाजत होतो. त्या खूप थंड केल्या की त्यांचा विजेला होणारा रोध पार नाहीसा होतो. त्यासाठी लागणारा द्रव नायट्रोजन मिळायचा गुरांच्या दवाखान्यात; कृत्रिम रेतनाचं वीर्य तिथे त्यात गोठवून ठेवतात. तिथे माझं तोंड उघडत नसे. वयनी सरळ आत शिरायची. "डॉक्टरानु, म्हशींक पुरान उरला तर आमका वायच द्या." मागायची थोडा, मिळायचा डबा भरून.

माझ्याकडे एकच गोष्ट होती, सिद्धांत. तांब्याच्या जागी थोडं जस्त घातलं तर रोध ज्या तापमानाला नाहीसा होतो त्यात फारसा फरक पडू नये, कारण त्यात बिघाड करतात ते चुंबकीय अणू, आणि जस्त चुंबकीय नाही, असं जुना सिद्धांत सांगतो. नवा म्हणतो, पडेल. निकाल पुस्तकात पाहायचा नाही, ही सरांची अट. सेमिनारमध्ये मी जुन्याच्या बाजूने अर्धा तास इंग्रजीत बोलले. वयनी एवढंच म्हणाली, "माका ठाऊक नाय. करून बघूया."

तिच्या जस्ताच्या टिकलीचा रोध साध्या टिकलीपेक्षा कितीतरी जास्त थंडी दिल्यावरच नाहीसा झाला. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "वयनी, तुझं मिश्रणच नीट झालेलं नाही."

तिने खल माझ्याकडे सरकवला. "मगे तूच घोट गो. माझो हात नको."

आठवडाभर एकटीने राबून मी टिकली केली. माझा आकडाही तिथेच आला. दोन दिवस मी तो कुणाला सांगितला नाही. मुंबईच्या प्रयोगशाळेसाठी सर एकच नाव पाठवणार होते, आणि वयनीच्या कामावर मी घेतलेली शंका तशीच राहिली, तर ते माझं असणार होतं. तिसऱ्या दिवशी सरांनी विचारलंच, "तुझ्या टिकलीचं काय झालं?" वयनी बेसिनपाशी खल धूत होती. तिने मान वर केली नाही.

मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "वयनीचं बरोबर आहे, सर."

नाव तिचं गेलं. तिला सोडायला सगळे स्टेशनवर गेले. मी गेले नाही.

आता ती तिथे अशाच टिकल्या करते, मी इथे कॉलेजात शिकवते. फोनवर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अजून जळतंस काय गो?"

"जळते," मी म्हणते. आणि मग विचारते, या खेपेला तांब्याच्या जागी काय घातलंस.