तीन नंबरला छत्री

दोन मार्चला एकवीस लाख चाळीस हजार पाचशे रुपये भरून पतपेढीच्या रोखपालांनी मागे बाग असलेलं बैठं घर घेतलं. घर विकणाऱ्या भूगोलाच्या बाई भाचीकडे राहायला निघाल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "भाऊ, कोपऱ्यातलं रोप तेवढं जपा. माहेरच्या झाडाच्या बीचं आहे. ते झाड गेलं, माहेरही गेलं. एवढंच उरलंय. भाचीच्या गच्चीला कठडा बसला की येऊन नेईन."

"तुम्ही निर्धास्त असा," म्हणत रोखपालांनी वहीत लिहून घेतलं: कोपऱ्यातलं रोप जपणे.

बाई गेल्या. रोखपाल बागेत आले आणि त्यांच्या लक्षात आलं, की बागेला कोपरे चार आहेत आणि चारही कोपऱ्यांत काहीतरी उगवलेलं आहे.

"फोन करून विचारा की," बायको म्हणाली.

"तीस वर्षं लोकांच्या ठेवी सांभाळल्या. आता पहिल्याच दिवशी विचारू, की बाई, तुमची ठेव कोणती?"

रोखपाल म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. त्यांनी चौघांना पुठ्ठ्याचे नंबर बांधले आणि रोज सकाळी साडेसातला पट्टीने उंची मोजायला सुरुवात केली. एक नंबर जागचं हललं नाही. दोन नंबर दोन पानं घेऊन बसलं ते बसलंच. चार नंबर ही जुन्या झाडूची काडी निघाली. तोवर तिला सहा दिवस पाणी घालून झालं होतं. तीन नंबर मात्र आठवड्यात सहा इंच वाढलं.

"बघ," रोखपाल म्हणाले, "वाढते तीच खरी ठेव."

"गवतही वाढतं."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

तीन नंबरला खत मिळालं, काठीचा आधार मिळाला आणि दुपारच्या उन्हासाठी बायकोची छत्रीही मिळाली. महिन्याभरात ते कमरेला लागलं, बारीक पांढरी फुलं आली. त्याच सुमारास घरात शिंका सुरू झाल्या. रोखपाल एका दमात अकरा द्यायचे. दोघांची नाकं अशी चोंदली, की दूध करपून भांडं काळं झालं तरी कुणाला पत्ता नाही.

"औषधी झाड आहे," रोखपाल म्हणाले. "अंगातली घाण बाहेर काढतंय."

"माझा जीव बाहेर काढायच्या आत थांब म्हणावं त्याला!"

अशात एका शनिवारी बाईंचा फोन आला, उद्या येते म्हणून. रोखपालांनी बाग लख्ख केली. एक, दोन आणि चार नंबर उपटून भिंतीमागच्या कचऱ्याच्या ढिगावर टाकले. तीन नंबरची पानं ओल्या फडक्याने पुसली.

बाई आल्या आणि छत्रीसमोर उभ्याच राहिल्या. "भाऊ, हे काय?"

"तुमचं माहेर," रोखपाल छाती फुगवून म्हणाले.

"माझ्या माहेरी गाजरगवत? अहो, लोक हे उपटून उपटून दमतात आणि तुम्ही त्याच्यावर छत्री धरलीत! माझं लिंबू कुठंय?"

रोखपालांनी भिंतीकडे पाहिलं. "लिंबू?"

"एवढंसं. दोन पानांचं."

तिघेही ढिगाकडे धावले. तिथे आठवड्याभराचा पाला पडलेला. रोखपाल गुडघे टेकून एकेक काटकी वर धरत होते. "हे का? मग हे?"

बाई प्रत्येक पान चुरडून हुंगत होत्या. "असं ओळखायचं असतं, भाऊ. पट्टी कसली लावता?"

"हुंगू कशानं, बाई? पंधरा दिवस नाक बंद आहे!"

अखेर एका सुकल्या काडीचं पान हुंगून बाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "हेच."

बायकोने साखरेचा डबा रिकामा करून त्यात माती भरली.

"जगेल ना?" रोखपालांनी विचारलं.

"आठ दिवसांनी कळवते."

ते आठ दिवस पतपेढीत रोखपाल प्रत्येक गड्डी तीनदा मोजत होते. नवव्या दिवशी फोन आला. "तिसरं पान फुटलंय," बाई म्हणाल्या. रोखपाल लगेच तोंडाला फडकं बांधून तीन नंबर मुळासकट उपटायला गेले. एक नंबर काय होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या रविवारी जाण्यापूर्वी बाईंनी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून दोघांसाठी शिंकांच्या दहा गोळ्या आणून दिल्या होत्या. त्यांचे अडतीस रुपये अजून द्यायचे आहेत.