बंबाच्या कोनाड्यातला एसी

कंप्लेंटचा मेसेज आला तेव्हा मी पान्यांच्या सेटला हळद लावत होतो. खंडेनवमी होती. गॅसचा दाब मोजायचा गेज, व्हॅक्यूम पंप, छन्नी, हातोडा, सगळं टेबलावर मांडून झालं होतं. झेंडूचा हार पंपाला घालायचा की गेजला, एवढाच प्रश्न उरला होता.

माझं नाव हुसेन शिकलगार. शाहूपुरीत एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. मी नमाजही पढतो आणि खंडेनवमीही करतो. कारण मला काम शिकवलं ते दत्तोबा वस्तादांनी, आणि त्यांचा नियम होता की वर्षातून एक दिवस हत्यारांनी आराम करायचा. एकदा हळद-कुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वस्ताद गेले, नियम राहिला. ऑक्टोबरच्या उकाड्यात नेमक्या त्याच दिवशी गावातले एसी का बंद पडतात, याचं उत्तर मात्र त्यांनी दिलं नाही.

मेसेजपाठोपाठ पुण्याहून मॅडमचा फोन आला. मी नुकतीच एका कंपनीची सर्व्हिस फ्रँचायझी घेतली होती. कंपनीच्या ॲपवर कंप्लेंट आली की पुण्याच्या मॅडम ती आमच्याकडे ढकलतात.

"हुसेन सर, कस्टमर तुमच्यापासून वीस मीटरवर दाखवतोय. कॉल ॲक्सेप्ट करा ना. अर्जंट आहे, घरात पेशंट आहे."

"मॅडम, आज टूल्स नाहीत."

"विसरलात का कुठे?"

"नाही, समोरच आहेत. पूजेत आहेत."

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. "सर, ॲपमध्ये असं रीझन नाहीये. 'स्पेअर पार्ट उपलब्ध नाही' असं टाकू का?"

तेवढ्यात मी पत्ता वाचला आणि दुकानाच्या दारातून वर बघितलं. कस्टमरचं घर समोरच होतं. गॅलरीत कस्टमर उभा होता. त्यानं मला बघितलं आणि तो आत गेला.

ते आप्पा. शिरोली एमआयडीसीत त्यांची फाउंड्री होती. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती विकली. त्यांची मुलगी स्मिता बेंगलोरला असते. तिनं तिथून मोबाईलवर 'जवळचा एसी दुरुस्तीवाला' शोधला, बटण दाबलं, आणि ती कंप्लेंट बेंगलोरहून पुण्याला आणि पुण्याहून माझ्या टेबलावर आली. आप्पांनी गॅलरीतून नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं. पण ते मला हाक मारणार नव्हते.

त्याचं कारण त्यांच्या मागच्या भिंतीत होतं. घर जुनं, दगडी, दीड हात जाडीच्या भिंतींचं. लोकांना वाटतं असं घर गार असतं. सकाळी असतंही. पण दगड दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी ते सावकाश घरात सोडतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी आप्पांनी बेडरूमला एसी बसवला आणि त्याचं बाहेरचं युनिट ठेवलं मागच्या कोनाड्यात. पूर्वी त्या कोनाड्यात पाणी तापवायचा तांब्याचा बंब असायचा. बंब गेला, कोनाडा रिकामा होता. ज्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या पाणी तापलं, ती जागा त्यांनी गारव्यासाठी निवडली.

इथवर चालून गेलं असतं. पण पाऊस लागू नये, चोरी होऊ नये, म्हणून आप्पांनी कोनाड्याच्या तोंडाला बिडाची जाळी बसवली. बीड म्हणजे ओतीव लोखंड. फाउंड्री सोडायच्या आधीचं त्यांचं ते शेवटचं ओतकाम. मधोमध सूर्य, भोवती वेलबुट्टी, भोकं करंगळी जाईल एवढी. सिमेंटमध्ये पक्की बसवलेली. जाळी देखणी होती, ते नाकारून चालणार नाही. गल्लीतले लोक बघायला येत होते. मीही गेलो आणि बोलून बसलो.

एसी गारवा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या युनिटमधून बाहेर फेकतो. बाहेर फेकायला वाट नसेल तर तीच गरम हवा पुन्हा युनिटमध्ये शिरते, कॉम्प्रेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद पडतो. यालाच आम्ही ट्रिप होणं म्हणतो. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं.

"हुसेन," आप्पा म्हणाले होते, "उभा जलम भट्टीपुढं गेला माझा. मला उष्णतेचं शिकवू नगंस."

त्यानंतर रस्त्यात रामराम चालू राहिला, पण एसीचं काम माझ्याकडं आलं नाही. दोन वर्षांत तीन मेकॅनिक येऊन गेले. प्रत्येकानं पहिली दहा मिनिटं एसी गार चालताना बघितला, थोडा गॅस भरला आणि निघून गेला. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. गळती नसेल तर तो आहे तेवढाच राहतो. पण 'गॅस भरला' म्हटलं की गिऱ्हाईकाला काम झाल्यासारखं वाटतं, मेकॅनिकला केल्यासारखं.

मी मॅडमना म्हटलं, "ॲक्सेप्ट करतो." पेशंट म्हणजे आप्पांची बायको, आमच्या काकी, हे मला ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी त्यांचं हार्टचं ऑपरेशन झालं होतं. माझी बायको बाळंतपणाला दवाखान्यात होती तेव्हा काकींनी पंधरा दिवस माझा डबा पाठवला होता. आप्पांचा मला राग होता. काकींवर माझा जीव होता.

रिकाम्या हातानं गेलो. दार आप्पांनी उघडलं.

"ओटीपी द्या," मी म्हटलं. कस्टमरच्या मोबाईलवर आलेले चार आकडे टाकल्याशिवाय ॲप काम सुरू करू देत नाही.

"ते स्मिताच्या मोबाईलवर गेलंय."

मग बेंगलोरला फोन. स्मितानं आकडे सांगितले, आप्पांनी ते मला मोठ्यानं ऐकवले, मी टाकले आणि समोरच्या दुकानातला माणूस रीतसर समोरच्या घरात शिरला.

काकी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. टेबलफॅन गरम हवा फिरवत होता. चेहरा उतरलेला, कपाळावर घाम. कूलर लावता येत नव्हता, डॉक्टरांनी दमट हवा नको म्हणून सांगितलेलं. बाकीच्या खोल्या याहून गरम होत्या. टाक्यांची एक कड लाल झाली होती. घाम थांबला नाही आणि टाके चिघळले तर पुन्हा ॲडमिट करावं लागेल, असं डॉक्टर सकाळीच बजावून गेले होते.

एसी चालू केला. गार हवा आली. मी मागं जाऊन जाळीसमोर हात धरला. हा माझा सगळ्यात जुना गेज. तो पूजेत ठेवता येत नाही. बाहेर यायला हवा होता तेवढा वारा येतच नव्हता. जाळी मात्र तव्यासारखी तापत चालली होती. सतराव्या मिनिटाला कॉम्प्रेसर बंद.

"आप्पा, जाळी काढाय पाहिजे. आत्ता."

"सिमेंटात बसलीया. निघायची न्हाय."

"मग फोडाय पाहिजे. मी छन्नी-हातोडा आणतो."

"पूजेतलं हत्यार?" आप्पांचा आवाज चढला. "माझं बी घण-हातोडं देवापुढं हाईत. आज हत्याराला हात लावायचा न्हाय. परवा बघू."

मी आणणार होतो. खरंच आणणार होतो. वस्तादांना वर गेल्यावर काय सांगायचं तेही ठरवलं होतं. पण आप्पा मागच्या दारात आडवे उभे राहिले. तेवढ्यात आतून काकींचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"हुसेना, जाळी वाचवायलाईत ह्ये. देवाचं निस्तं निमित्त हाय."

आप्पा दारातून बाजूला झाले.

"पाट्याजवळ माझा वरवंटा हाय," काकी म्हणाल्या. "त्यो घे. त्याला कुणी हळदकुकू लावल्यालं न्हाय. लगीन होऊन आल्यापास्नं बघत्ये, तुमच्या हत्यारांस्नी सुट्टी असतीया. त्याला एक खंडेनवमी मिळाल्याली न्हाय."

मी स्वयंपाकघरात गेलो. वरवंटा काळ्या दगडाचा, वजनदार, मधोमध काकींच्या हातानं गुळगुळीत झालेला. घेऊन मागं आलो. माझी हिंमत होत नव्हती. एवढं सुंदर काम फोडायचं म्हणजे माझेही हात जड झाले.

आप्पांनी वरवंटा माझ्या हातातनं काढून घेतला. "सर बाजूला. मी ओतलीया, मीच फोडणार."

ते मध्ये सूर्याकडं गेले नाहीत. खाली डाव्या कोपऱ्यात, वेलीच्या एका वळणावर त्यांनी अंगठा फिरवला.

"हितं माल गार पडला हुता," ते म्हणाले. साच्यात दोन बाजूंनी आलेलं लोखंड एकमेकांत मिसळायच्या आधीच थंड झालं, तर तिथं सांधा कच्चा राहतो. वरून दिसतो एक, आतून असतात दोन. "त्याच दिवशी बघितलं हुतं मी. शेवटचं काम, म्हणून कुणाला सांगितलं न्हाय."

एक घाव घातला. बीड कणखर खरं, पण ठिसूळ. जाळी कोपऱ्यातनं सूर्यापर्यंत तडकली. दुसऱ्या घावाला अर्धी खाली आली. उरलेली आम्ही दोघांनी मिळून फोडली. आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते घाम पुसल्यासारखे पुसत होते. मी युनिटकडं बघत बसलो.

एसी पुन्हा लावला. सतरावं मिनिट आलं आणि गेलं. तासाभरानं काकींना झोप लागली. आप्पा खुर्ची घेऊन पलंगाशी बसले, मी दारात. दोघांनाही उठवत नव्हतं.

कॉल बंद करताना ॲपनं बिघाडाचं कारण विचारलं. यादी पाहिली, तिथं जाळी नव्हती, कोनाडा नव्हता, फाउंड्रीवाला तर नव्हताच. पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, "सर, 'गॅस भरला' टाका, लगेच क्लोज होतं." दसऱ्यानंतर हत्यारं उचलली आणि मी आधी जाऊन तिघांनी भरलेला जादा गॅस काढला. त्याचंही कारण यादीत नव्हतं.

काकींचे टाके आठ-दहा दिवसांत भरून आले. पुन्हा ॲडमिट करावं लागलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला आप्पांनी गॅलरीतनं हाक मारली, "हुसेन, पूजा बघाय ये." गेलो. देवापुढं घण, हातोडे, सांडशी, आणि सगळ्यांच्या मधोमध मानाच्या जागी काकींचा वरवंटा. हळद, कुंकू, झेंडूचा हार. आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. चाळीस वर्षांची बाकी फेडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

काकी आतून आल्या. ठणठणीत. त्यांनी वरवंट्यावरचा हार काढला, घणाच्या गळ्यात घातला, पदरानं हळद पुसली आणि वरवंटा उचलला.

"अवो, हात लावायचा नसतोय आज," आप्पा म्हणाले.

"मग चटणी तुमी वाटणार हाय काय?"

आतून पाट्यावर वाटण्याचा आवाज यायला लागला. त्या दिवशी मी तिथंच जेवलो.

या धंद्यात इतकी वर्षं काढून मी एवढंच शिकलो. खंडेनवमीला गावातली सगळी हत्यारं आराम करतात. अडचण आली तर कुणाचं हत्यार चालू असतं, ते आता मला माहीत आहे. समोरच राहतात.