कढत तेलात साखर

चिपळूणच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा माझी लेक सुमन आजीच्या पदराआड गेली, ती बाहेर येईना. नवरा वारलेला, पोरीला शिकवायची होती, म्हणून मी शारजाला निघालेले. माझी आई एवढंच म्हणाली, "तिकडे कुणाच्या तोंडाला लागू नको. गप राहा, काम कर."

तशी मी गप राहिले. सिंधी शेठच्या फ्लॅटमध्ये जेवण माझ्याकडे, पोरं सांभाळायला फिलिपिन्सची लिंडा. एका खोलीत झोपायचो दोघी, पण बोलायचं काय? तिचं हिंदी मोडकं, माझं त्याहून. दिवसभर येस मॅडम, ओके मॅडम, खलास. शेवटी मॅडमला सांगितलं, मला घरी पाठवा. ती म्हणाली, शुक्रवारी शेठना विचारते तिकिटाचं. सुमनची शाळा सुटणार, कळत होतं. तरी सांगितलं.

त्या शुक्रवारी घरातले सगळे बाहेर जेवायला गेलेले. माझी एकादशी. लिंडा रताळी सोलायला बसली, मला वाटलं, हिचाही उपास. जाड तुकडे तिने तेलात सोडले आणि वरून लाल साखर थेट कढत तेलात टाकली.

मी झारा ओढला. "अगं बये, जळेल ती! आधी पाक करतात." मराठीतच ओरडले.

ती म्हणाली, "तुम चुप. मेरा मम्मी ऐसा करता."

मग ती तिच्या भाषेत, मी माझ्या. मी गॅस बंद करी, ती परत लावी. तेवढ्यात साखर वितळून रताळ्यांना धरली, तांबूस, चकचकीत. तिने काडीला तुकडे टोचून माझ्या हातात दिले.

"पहले खाओ. फिर झगडा."

कामोते-क्यू म्हणतात त्याला, त्यांच्याकडे रस्त्यावर विकतात म्हणे. वरून कडक, आत मऊ. मी म्हटलं, "इलायची नहीं." ती ओट्याला धरून हसली. मला पण हसू आलं, कितीतरी महिन्यांनी.

संध्याकाळी मॅडमने तिकिटाचा विषय काढला. म्हटलं, राहू दे मॅडम, पोरीची शाळा होऊ दे.

मग बरीच वर्षं काढली तिथे, लिंडाशी भांडत. गावात बायका विचारतात, परक्या घरात कसं राहिलीस? मला तो ओटा परका वाटतच नाही. हे गावचं घर माझं, तसा तो ओटाही माझा.

सुमन नर्स झाली, आता फुजैराला हॉस्पिटलात आहे. परवा फोनवर रडकुंडीला आलेली. "आई, रूममेट फार भांडते गं. आमटीत काय घालायचं तेपण तीच सांगणार."

"आणि तू?"

"मी पण सोडत नाही तिला."

"बरं झालं बाय," म्हटलं. "मग राहशील तू."