ज्याचा मिस्त्री बंदरात

सर्व्हरचं झाकण काढलं की एक वास येतो. तापलेल्या धुळीचा, खाऱ्या हवेचा, आणि आमच्या रेवदंड्यात त्यात वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांचाही. खिडक्या लावा, एसी लावा, उदबत्ती लावा, बोंबील आत येतोच. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आज दुपारी मुलीनं नवा सर्व्हर, म्हणजे आमच्या भाषेत नवा डबा, आणला आणि जुन्याचं झाकण उघडलं, तसा तो वास भस्सकन नाकात शिरला. ती सहज म्हणाली, "बाबा, नव्यात सिस्टिम कोणती टाकायची?" मी हातातला चहा टेबलावर ठेवला. हाच प्रश्न, हीच खोली, हाच वास. काही वर्षांपूर्वी इथंच बसलेला धक्का अजून अंगातून पुरता उतरलेला नाही, हे मला आज कळलं.

माझा धंदा केबलचा. पुढे केबल गेली आणि त्याच खांबांवरून मी इंटरनेट नेऊ लागलो. आमच्या धंद्यात एक डबा सगळ्यात महत्त्वाचा. गावातल्या कुणीही आपल्या घरचं इंटरनेट चालू केलं की आधी त्या डब्याला विचारलं जातं, हे आपलं गिऱ्हाईक आहे का? डबा हो म्हणाला तर दार उघडतं. तो बसला तर सगळं गाव बसलं. शाळा, बँक, होमस्टेवाले, मासळीचे भाव बघणारे, सगळे माझ्या दारात. असा डबा सांभाळणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मला वायर ओढता येते, खांबावर चढता येतं, गिऱ्हाइकाशी भांडता येतं. म्हणून मी गेलो ते आमच्या बाईंकडे.

बाईंनी मला शाळेत गणित शिकवलं, म्हणजे शिकवण्याचा प्रयत्न केला. पुढे त्या अलिबागला तंत्रशाळेत गेल्या, संगणक आले तसे संगणक शिकल्या, आणि निवृत्त होऊन गावी परतल्या तेव्हा त्यांच्याइतकं जाणणारं अख्ख्या किनाऱ्यावर कुणी नव्हतं. सडसडीत अंगाच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, दारात आल्या की आधी "जय भीम" म्हणणार आणि मग लगेच माझी हजामत करणार. "अरे, तुला वर्गमूळ येत नव्हतं, तू इंटरनेट देणार लोकांना?" पण दुसऱ्या दिवशी डबा घेऊन बसल्या. मी त्यांना भागीदार केलं. त्यांनी मला पुन्हा विद्यार्थी केलं.

आणि मग आमचा तो कायमचा वाद. डबा चालवणारी सिस्टिम कुठली टाकायची? मी म्हणायचो, लिनक्स टाकू. अलिबागेत, पेणला, कुठंही पोरं आहेत ती जाणणारी. बाईंचा जीव बीएसडी नावाच्या दुसऱ्या सिस्टिमवर. "लिनक्स म्हणजे पंगत रे, एकाच्या घरची आमटी, दुसऱ्याच्या घरचा भात. बीएसडी म्हणजे एका हातचा स्वयंपाक. मीठ कुठे आहे ते मला डोळे मिटून सापडतं." खरंच होतं ते. गौरी-गणपतीत चालू केलेला त्यांचा डबा शिमगा आला तरी एकदाही बसला नव्हता. त्यातली प्रत्येक ओळ त्यांनी स्वतः बेतून लिहिलेली, आईनं पोराची कुंची शिवावी तशी. पण मी कोळ्याचा पोर. आमच्याकडे होडीला इंजिन घेताना कुठलं चांगलं, कुठलं जोरकस, हे कुणी आधी विचारत नाही. माझे वडील म्हणायचे, "ज्या इंजिनाचा मिस्त्री बंदरान हाय, त्योच इंजिन घ्याचा. बाकी सगला दर्यान बुरतो." कितीही भारी इंजिन आणा, ते खोलणारा माणूस मुंबईत असेल तर होडी धक्क्याला बांधून बसायचं आणि बरफ वितळताना बघायचा. हे मी बाईंना सांगितलं की त्या हसायच्या. "मग मी कोण आहे? बंदरातली मिस्त्रीच ना?" वर्षानुवर्षं मी हरत आलो, आणि खरं सांगायचं तर हरण्यात मजा होती.

त्या वर्षी मात्र बाई जरा बदलल्या होत्या. रस्त्यात भेटल्या तर माणसाकडे सरळ न बघता मान किंचित वळवून, तिरकं बघायच्या. लोक म्हणू लागले, बाईंना आता पैशाची हवा लागली. रेवसहून लाँच पकडून त्या मुंबईला फार जायला लागल्या होत्या. बहिणीकडे, असं सांगायच्या. आणि ऑफिसात एक नवंच खूळ. मला डब्यासमोर बसवायच्या, स्वतः बाजूच्या खुर्चीत, आणि म्हणायच्या, "वाच. मोठ्यानं. एकही शब्द गाळायचा नाही." मी पडद्यावरची ओळन् ओळ वाचायचो, त्या सांगतील ती अक्षरं टाइप करायचो. मी चिडायचो. पन्नाशीच्या माणसाला बालवाडीत बसवल्यासारखं वाटायचं. पण मास्तरकीचा किडा एकदा डोक्यात शिरला की मरेपर्यंत निघत नाही, असं म्हणून मी सोडून द्यायचो. करता करता मला बरंच येऊ लागलं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

अशीच एक टळटळीत दुपार होती. बाहेर बोंबील वाळत होते, कावळ्यांना हाकलणाऱ्या बायकांचा आवाज येत होता. बाई आल्या, पदरानं मान पुसली आणि खुर्चीत बसत म्हणाल्या, "चल, आज लिनक्स टाकू." मला वाटलं, थट्टा. मी म्हटलं, "बाई, पाणी देऊ का? ऊन लागलंय तुम्हाला." त्या हसल्या नाहीत. जुना एक डबा त्यांनी सकाळीच, कारण न सांगता, माझ्याकडून तात्पुरता कामाला लावून घेतला होता; गिऱ्हाइकांची यादी त्यावर उतरवून झाली होती. म्हणजे सगळं ठरवून आल्या होत्या. मी सांगतील तसं करत गेलो. शेवटी पडद्यावर प्रश्न आला, तो मी वाचला: यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? माझं बोट थांबलं. त्यांच्या इतक्या वर्षांचा एका हातचा स्वयंपाक त्या डब्यात होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "हो लिही." मी म्हटलं, "बाई, अहो, काय करताय हे?" "हो लिही म्हणते ना." मी लिहिलं. क्षणात सगळं गेलं. शेतावरचं घर कुणी आपल्या हातानं पाडताना बघावं, तसा मी बघत राहिलो. वाद जिंकलो होतो मी.

नवी सिस्टिम चढायला वेळ लागला. मग डबा पुन्हा उठला आणि पुढच्या पट्टीवरचा दिवा हिरवा झाला. तो त्यांच्या अगदी समोर होता, हात लांब केला तर बोट लागेल इतका. बाई त्याच्याकडेच तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांनी मला विचारलं, "झाला का रे हिरवा?"

ते तिरकं बघणं, ते मोठ्यानं वाचणं, ती बहीण, ती लाँच. सगळं एकाच वेळी अंगावर आलं. मी म्हटलं, "हो." बाई म्हणाल्या, "डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे. मधलं सगळं गेलंय, कडेकडेचं दिसतं. म्हणून चालता येतं, वाचता येत नाही. मुंबईला डोळ्यात सुया घेतल्या, थोडा वेळ मिळाला, तेवढ्यात तुला शिकवून घेतलं." मग जरा थांबून, "तुझे वडील बरोबर होते. मिस्त्री आता बंदरात राहिली नाही. माझ्या डोळ्यांवर गाव टांगून ठेवायचं होय?" त्या रडल्या नाहीत. मीच रडलो, तेही बाहेर जाऊन, बोंबलांच्या वलांडीआड. तिथल्या एका म्हातारीनं विचारलं, "काय झाला रं?" मी म्हटलं, "धूळ गेली." ती म्हणाली, "हां, व्हय, धूलच." आणि कावळे हाकलायला लागली.

माणूस म्हातारपणी एकेक वस्तू घट्ट धरून बसतो, हे मी पाहिलंय. जुनी पेटी, जुनी जागा, जुना मान. आपल्याशिवाय चालत नाही यासारखं सुख नाही. बाईंनी ते सुख भरदुपारी माझ्याच हातानं पुसून टाकलं, आणि वर मला 'हो' लिहायला लावलं. याचा विचार केला की आजही मी हादरतो.

आज मुलीच्या डोक्यात कुठलीशी नवी सिस्टिम आहे. फार सुंदर आहे म्हणते, वेगवान आहे म्हणते, डोळे चमकतात तिचे बोलताना. मी म्हटलं, बाईंनाच विचारू. फोन लावला, मोठ्यानं बोलायचं बटण दाबलं. बाई आता घराबाहेर फारशा पडत नाहीत. त्यांच्या घरी एक बोलका डबा आहे, आमच्याच इंटरनेटवर चालणारा. तो दिवसभर त्यांना बातम्या वाचून दाखवतो, पुस्तकं वाचून दाखवतो. फोनमधून मागे तोच ऐकू येत होता, मोठ्यानं, एकही शब्द न गाळता. बाईंनी मुलीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं. आता सांग, तू लग्न होऊन गेलीस, परदेशी गेलीस, तापानं पडलीस, तर तुझी ही सिस्टिम रेवदंड्यात कोण उघडेल?" मुलीनं लिनक्स चढवायला घेतलं. तिचा चेहरा पडला होता. त्या पडलेल्या चेहऱ्याची मला ओळख होती; त्या दुपारी तो माझा होता.

फोन चालूच राहिला. बाईंनी ठेवला नाही, आम्हीही नाही. सगळं चढवून झालं तेव्हा जुना डबा बंद करून वायर नव्यात घालायची वेळ आली. मुलीनं वायर काढली. तिकडे बाईंच्या घरी बातम्या वाचणारा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. फोनवर नुसती शांतता, आणि त्या शांततेत बाईंचा श्वास. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं, की हा डबा बसला तर आता सगळ्यात आधी कुणाच्या घरी अंधार होतो. मुलगी वायर खोचत होती, मी वाकून मागचं बटण शोधत होतो. दिव्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तेवढ्यात फोनमधून तो वाचणारा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि त्याच्या वरून बाई म्हणाल्या, "झाला रे हिरवा."