चालू कोण करणार?

आमच्या सोसायटीत लाइट गेली की जनरेटर आपला आपण सुरू होतो. तो नेमका कुठे ठेवलाय, हेही मला सेक्रेटरीला विचारावं लागेल. एवढ्या अनुभवाच्या जोरावर मी आईच्या गावच्या घरासाठी जनरेटर निवडायला निघालो.

आई हडपसरच्या पुढे, गावात एकटी राहते. उन्हाळ्यात तिथली लाइट सारखी जायला लागली. लाइट नाही म्हणून बोअरची मोटर बंद, मोटर बंद म्हणून पाणी नाही. मग मी तिला कोथरूडला आणलं. जनरेटर बसल्याशिवाय परत पाठवणार नाही, असं जाहीरही करून टाकलं. पावसाळा सरला, तिचं 'कधी सोडतोस?' संपेना आणि माझा जनरेटर ठरेना. मी रोज व्हिडिओ बघायचो. मोटर, फ्रिज, पंखे, गीझर, सगळ्यांचे वॉट मांडायचो.

"अहो, त्या घरात गीझर नाहीये," बायको म्हणाली.

"पुढेमागे बसवला तर?"

"मग लिफ्टही धरा."

शेवटी आईला घेऊनच दुकानात गेलो. माझी निवड पक्की होती: मोटर आरामात चालेल, आवाज कमी, पेट्रोल बेताचं. माझं व्याख्यान संपल्यावर दुकानदार म्हणाला, "वा! दुकान तुम्हीच चालवा, मी जेवून येतो."

आईने मशीनभोवती एक चक्कर मारली. "ह्ये चालू कसं करायचं?"

दुकानदाराने दोरी दाखवली. आईने ओढली. दोरी वीतभर आली आणि परत गेली. आई खांदा चोळत माझ्याकडे वळली.

"लाइट गेली की दोरी ओढाया तू कोथरूडवरनं येणार व्हय?"

इतक्या व्हिडिओंत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. शेजारी किल्लीवाला जनरेटर होता. आवाज जास्त म्हणून मी तो केव्हाच बाद केलेला. आईने किल्ली फिरवली आणि धडधड सुरू झाली. तिने बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा बंद.

"आवाज फार आहे गं, आई."

"असू दे की. आळीला कळंल, मी आलीया."

घरी येताच तिने साड्या पिशवीत भरल्या. मशीन बसायला आठवडा लागेल, असं मी भीतभीतच सांगितलं.

"लागू दे," आई म्हणाली. "आता जायचं ठरलं न्हवं? आठवडाभर काय, पाहुणी म्हणून कुठंबी ऱ्हाईन."