मागच्या दारचा दगड

परीक्षा जवळ आली की माझा पाय एका जागी ठरत नसे. वही घेऊन मी घरभर येरझारा घालायची आणि मोठ्यानं घोकायची: स्तूप म्हणजे काय, चैत्य म्हणजे काय, अग्रहार म्हणजे काय. प्राचीन इतिहासाच्या पेपरात असल्या शब्दांवर टिपा हमखास यायच्या. कानडी मुलखात, मल्लेश्वरमला आम्ही वठारात राहायचो, एकाच मालकाच्या आवारात चार बिऱ्हाडं. माझ्या टिपा माझ्याआधी शेजाऱ्यांना पाठ झाल्या असतील.

अक्का म्हणजे माझी आत्या. वडील तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती भावाकडे आली ती कायमची. घरात तिचा आवाज म्हणून ऐकू यायचा नाही. पण सकाळी मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी गेली की हीच का ती बाई, असं वाटायचं. चारही घरच्या बायका तिथं जमायच्या आणि अक्का कपडे आपटता आपटता एकेकीची टर उडवायची, मालकीणबाईंचीसुद्धा. ‘स्वल्प सरक गं, तुझ्या नवऱ्याच्या धोतराला जागा दे,’ म्हणायची आणि सगळ्याजणी हसायच्या.

मग आवारात नळ आला. पाइप दगडाखालून न्यायचा होता, म्हणून गड्यांनी पहारीनं दगड उलटा केला. चिखलाखाली काहीतरी कोरलेलं दिसलं. मला कुठला धीर! काथ्या घेऊन मी घासत सुटले. कोपरात वाकून वर उचललेला एक हात निघाला, मनगटभर बांगड्या, बोटांत लिंबू. वर चंद्र-सूर्य.

‘मास्तिकल्लु!’ मी ओरडले. ‘सतीचा दगड!’

वहीतला शब्द डोळ्यांसमोर उभा होता, मग तोंड कसलं आवरतंय. नवऱ्यामागं चितेवर गेलेल्या बाईची ही खूण, बांगड्या म्हणजे तिचं अखंड सौभाग्य, अशी अख्खी टीप मी तिथल्या तिथं म्हणून दाखवली. वडील कौतुकानं बघत होते. मी अक्काकडे पाहिलंच नाही.

मालकीणबाईंनी हात जोडले. संध्याकाळच्या आत दगड जास्वंदीजवळ उभा राहिला, त्याला हळद-कुंकू लागलं. शुक्रवारी बायका ओटी घेऊन आल्या. धुण्यासाठी सिमेंटचा नवा कट्टा झाला, पण तोही त्याच्यासमोरच. मालकीणबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, ‘अक्का, तुम्ही आता इकडं नका येऊ. सुवासिनींची जागा झाली.’

अक्का आतल्या मोरीत धुऊ लागली. तिथं एकटीच. कपडे आपटायला जागा नव्हती, हातानं चोळायची. सकाळ झाली की बादली भरून मागच्या दारापर्यंत यायची, उंबऱ्याशी थांबायची आणि परत फिरायची. दिवसातून किती वेळा ते मी मोजलं नाही, मला बघवत नव्हतं. अभ्यासात लक्ष लागेना. रागही यायचा, स्वतःचा, आणि कधी कधी अक्काचाच, की ही भांडत का नाही.

शेवटी मी मालकीणबाईंकडे गेले. म्हटलं, ‘अहो, ती देवी नव्हे. साधी बाई होती, कुणाची तरी सून. नुसती आठवण म्हणून दगड.’

‘अय्यो, साधी बाई असून एवढं केलं?’ त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून समईही लागली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, देवाला कोण हात लावणार.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी मागच्या दारात बसून वही चाळत होते. अक्का बादली घेऊन आली, माझ्यामागं थांबली आणि जास्वंदीकडे बघत राहिली. तिचे हात साबणानं पांढरे झाले होते, मनगटं उघडी.

‘तुझ्या वहीत सगळ्यांना शब्द आहेत ना?’

‘हो.’

‘लढून मेला त्याला?’

‘वीरगळ.’

‘नवऱ्यामागं गेली ती सती. आणि जी मागं राहिली तिला काय म्हणतात गं?’

मी उगाचच पानं उलटत राहिले. शेवटचं पान आलं तरी मान वर करायची हिंमत झाली नाही.

‘सरी, राहू दे,’ अक्का म्हणाली आणि बादली उचलून मोरीत गेली.