नारळ उंबऱ्यावर

शमाबाई गेल्याचं शाळेच्या ग्रुपवर वाचलं आणि मला आधी रागच आला. पडद्यावर निरोप वाचायची सवय आम्हाला त्यांनीच लावली होती... आता त्यांचाच वाचायचा?

शमा मुल्ला उचगावच्या आमच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, मी मराठी. संस्थेनं संगणक दिले तेव्हा ती खोली अंगावर घ्यायला कुणी तयार होईना. बाई पुढं झाल्या. वायरी ओढून सगळे संगणक एका मुख्य संगणकाला जोडले, त्यात भूगोलाचा धडा भरला आणि मला शेवटच्या टेबलाशी बसवलं. माझ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटलं, 'चहा घेणार का?' उत्तर टाईप करायचं सोडून मी खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय, घेणार की."

संस्थेची अट मात्र होती. दसऱ्यानंतर मंडळी येणार, सगळ्या संगणकांवर एकदम धडा चालला तर ठीक, नाहीतर संगणक शहरातल्या शाखेत हलणार. मुली नुकत्या कुठं माऊस धरायला शिकलेल्या. बाईंना जेवण गोड लागेना.

त्यात खंडेनवमी आली. हत्यारं-अवजारं पुजायची, मग संगणकानं काय घोडं मारलंय, असं हेडसरांचं म्हणणं. हळदकुंकू झालं, झेंडूची माळ झाली आणि सरांनी मोठ्या भक्तीनं टेबलाच्या कडेवर नारळ हाणला. पाणी थेट खालच्या मुख्य संगणकात. पडदा काळा.

सरांना घाम फुटला. बाई एवढंच म्हणाल्या, "सर, पूजा करा की. पण नारळ उंबऱ्यावर फोडायचा."

संगणकाचा डबा उघडून आम्ही गच्चीवर उन्हात ठेवला, मी छत्री घेऊन कावळे हाकत बसले. तो काही उठला नाही. मग बाईंनी दुसऱ्याच संगणकाला मुख्य केलं, वायरी नव्यानं जोडल्या, धडा पुन्हा भरला. सणाला मुरगूडहून माझा भाऊ मला न्यायला आला, त्यालाही वायर धरून उभं केलं.

मंडळी आली. 'पंचगंगा कुठल्या नदीला मिळते?' मुलींची बोटं खटाखट चालली आणि मुख्य पडद्यावर कृष्णा, कृष्णा, कृष्णा अशी उत्तरं येत गेली. मंडळींतले एक काका खुर्चीच सोडेनात. "हिकडं दाबलं की तिकडं उमटतंय व्हय? पोरी, परत दाब बघू." त्या दिवशी आम्ही दोघी शाळेच्या व्हरांड्यातून अक्षरशः पळत सुटलो होतो.

संगणक राहिले. पुढं दरवर्षी खंडेनवमीचा नारळ बाईच आणायच्या, निवृत्तीनंतरही. हेडसर बदलले, संगणक बदलले, वायरीही गेल्या. उंबऱ्याला मात्र नारळाचे टवके पडत राहिले.

यंदा आणायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. पूजा मांडून आम्ही एकमेकींकडं बघत होतो, तेवढ्यात बाईंचे यजमान दारात आले. कापडी पिशवीतून नारळ काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"दवाखान्यात असताना सांगून ठेवलंतं तिनं," ते म्हणाले. "फोडा. पण आत नगं, म्हणाली."